वीतभर ट्राउटसाठी पाच दिवस

आजोबांची गरी म्हणजे सात-आठ फुटांचा बांबू, त्याला तेवढीच तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, टोकाशी शिशाचा मणी आणि आकड्याला काडू, म्हणजे गांडूळ. कर्लीच्या खाडीकाठी माडाच्या बुंध्याशी बसायचं, तंगूस बोटावर घ्यायची आणि बोलायचं नाही. शेंगटी कशी ओढते, काळुंदर कसं नुसतं कुरतडतं, ते बोटाला कळतं. डोळ्यांना कामच नाही. आजोबा तर डोळे मिटून गरवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा झोपला. तेवढ्यात हाताचा एक हिसका बसायचा आणि मासा त्यांच्या डोक्यावरून मागच्या गवतात पडायचा.

त्या शाळेत शिकलेला मी वयाच्या ४५ व्या वर्षी फ्लाय फिशिंग, म्हणजे खोटी माशी लावून मासे धरणं, शिकायला हिमाचलात गेलो. सोबत बायको. तिला माशांशी घेणं-देणं नाही, पण हिमालयातले नदीकाठचे पक्षी बघायचे होते. म्हणून तीर्थन खोऱ्यावर दोघांचं एकमत झालं. महिना ऑक्टोबरचा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांच्या नद्यांत मासेमारी बंद असते, कारण ते दिवस त्यांच्या विणीचे. पावसाळ्यात नदी गढूळ आणि अंगावर येणारी, मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढलेलं. म्हणजे पावसानंतरचे ते थोडे आठवडे हाताशी होते.

पहिला दिवस

दिल्लीहून रात्रीच्या मनाली बसनं निघालो आणि सकाळी औटच्या बोगद्याआधी उतरलो. झोप अर्धवट, तोंडात डोंगरी वळणांची मळमळ. बस पुढे बोगद्यात शिरली आणि आम्ही टॅक्सीनं लारजीकडे वळलो.

लारजीपाशी सैंज आणि तीर्थन या दोन नद्या ब्यासला येऊन मिळतात. धरणानं अडवलेलं पाणी करडं, निपचित पडलेलं. तिथून बंजारच्या रस्त्याला लागलं की उजव्या-डाव्या हाताला नदी दिसू लागते आणि दर वळणागणिक तिचा रंग बदलतो. करड्याचं हिरवट होतं, हिरव्याचं नितळ. ड्रायव्हर म्हणाला, या नदीवर मोठा वीजप्रकल्प नाही, म्हणून पाणी असं आहे. प्रस्ताव आले होते, पण खोऱ्यातल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टातही गेलं. त्या लढ्यातलं दिलेराम शबाब या माजी आमदारांचं नाव आम्हाला पुढच्या चार दिवसांत आणखी दोघांकडून ऐकायला मिळालं.

बंजारच्या अलीकडे गाडी थांबली. समोरून पालखी येत होती. कुल्लूचा दसरा आपण सोनं वाटतो त्या दिवशी सुरू होतो आणि सात दिवस चालतो. गावोगावचे देव त्यासाठी कुल्लूच्या ढालपूर मैदानात जमतात आणि मग खांद्यांवरूनच आपापल्या गावी परततात. ढोल, लांबलचक कर्णे, चांदीचे मुखवटे, आणि पालखी मध्येच डावीकडे झुकते, मध्येच मागे सरते. शिमग्यात आमच्याकडची पालखी नाचते तशीच. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून हात जोडले. देवाला घाई नसते, आम्हालाही नव्हती.

गुशैणीच्या अलीकडे नदीच्या पलीकडच्या काठावर आमचा मुक्काम. पलीकडे जायला तारेला लोंबकळणारा लोखंडी पाळणा. त्यात बसायचं आणि दोरी ओढत जायचं. बायकोनं मध्यावर पाळणा थांबवून खाली बघितलं आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "अरे, तळाचा गोटा न् गोटा दिसतोय." त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मत्स्य विभागाचा परवाना घरमालकांनी काढून ठेवला होता. संध्याकाळी मासेमारी शिकवणारे गाईड भेटायला आले. पन्नाशीचे, डोक्यावर कुल्लू टोपी, बोलणं कमी. सगळे त्यांना भाईजी म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. मी त्यांना कौतुकानं सांगितलं, की मी लहानपणापासून मासे गरवतो. त्यांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीनं बघितलं. "तब तो मुश्किल होगी," ते म्हणाले.

दुसरा दिवस

नदीवर जायचंच नाही, असा पहिला हुकूम. मक्याची कापणी झालेलं घरामागचं शेत, कडेला घराच्या दगडी पाट्यांच्या छपरावर वाळत घातलेली पिवळीधमक कणसं. मधोमध मी, हातात ९ फुटांची काठी आणि दोरीच्या टोकाला आकड्याऐवजी लाल लोकरीचा तुकडा.

यातलं तंत्र आधी डोक्यात शिरायला हवं, नाहीतर पुढचं सगळं माकडचेष्टा वाटतं. आपल्या गरीत शिशाला वजन असतं. शिसं फेकलं की त्याच्या मागून तंगूस जाते. इथे टोकाला माशीएवढं काहीतरी असतं: आकड्यावर दोरा, पीस आणि केस गुंडाळून बनवलेला खोटा कीटक. त्याला वजनच नाही, तो फेकला तर पायाशी पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. ती जाड, रंगीत, प्लास्टिकचा लेप दिलेली. तिच्या पुढे ९ फुटांचा पारदर्शक धागा, तो टोकाकडे निमुळता होत केसाएवढा बारीक होतो. म्हणजे आपण माशी फेकत नाही, दोरी फेकतो, आणि माशी गाडीला बांधलेल्या लिंबू-मिरचीसारखी सोबत जाते.

आणि दोरी पुढे फेकायची तर आधी ती मागे पूर्ण उलगडावी लागते. इथे माझी गाडी अडली. भाईजींनी घड्याळ सांगितलं: समोर दहा वाजता थांबायचं, मागे एक वाजता थांबायचं. त्याच्या मागे काठी गेली की दोरी जमिनीवर पडते. मी दहा वाजता थांबायचो, पण मागे जाताना मनगट मोडायचं आणि काठी थेट तीन वाजवायची. लोकर मक्याच्या खुंटांत अडकायची. भाईजींनी काही न बोलता खिशातून रुमाल काढला आणि माझं मनगट काठीच्या मुठीला बांधून टाकलं.

मनगट सुधारलं, तर घाई नडली. दोरी मागे पूर्ण जायच्या आत मी पुढे ओढायचो आणि कानामागे फटकन आवाज यायचा, आसूड ओढल्यासारखा. "इस आवाज़ में मक्खी टूट गई समझो," भाईजी म्हणाले. लोकरीच्या जागी बांधलेल्या माशीनं असा फटका खाल्ला की तिचा आकडा धाग्यापासून तुटून कुठेतरी भिरकावला जातो. थांबा, थांबा, असं ते सारखं सांगत होते. पण थांबायचं किती? मोजून सांगा म्हटलं तर हसायचे.

उत्तर बायकोकडून आलं. ती दुर्बीण घेऊन ओट्यावर बसली होती. म्हणाली, "तू मागे बघतच नाहीयेस. झोपाळा मागे गेला की टोकाशी क्षणभर थांबतो ना, तशी दोरी थांबते. ती थांबली की ओढ." मी मान वळवून बघितलं. खरंच, दोरीचा फास मागे सरकत जातो, सरळ होतो आणि एक क्षण हवेत आडवी रेघ होऊन राहतो. त्या क्षणाला काठी पुढे आणली तर हाताला जोर लागतच नाही. दोरी सुळकन गेली आणि लोकरीचा तुकडा शेताच्या बांधावर अलगद टेकला. पहिल्यांदा. मग पुढच्या वीस वेळा टेकला नाही, ते सोडा.

दुपारी नगिणीला सरकारी मत्स्यकेंद्र बघून आलो. सिमेंटचे लांबट हौद, त्यातून सतत वाहणारं बर्फासारखं पाणी आणि त्यात दाटीवाटीनं रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा असलेले. खोऱ्यात ताटात येतो तो ट्राउट बहुतेक असाच हौदात वाढवलेला. रात्री मोहरीच्या तेलात तळलेला खाल्ला. चांगला होता. मालवणी माणसाकडून यापेक्षा जास्त स्तुतीची अपेक्षा करू नये.

नदीतला मासा वेगळा, ब्राउन ट्राउट. तोही इथला नव्हे. इंग्रजांनी स्कॉटलंडहून अंडी मागवून १९०० च्या सुमाराला तो आधी काश्मीरात रुजवला. तिथून १९०९ मध्ये कुल्लूत आणला. हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं कटराईंजवळच्या महिली इथे अंडी उबवण्याचं केंद्र काढलं होतं. साहेबाला घरच्यासारखी रविवारची सुट्टी काढायची होती, एवढंच त्यामागचं कारण. शंभर वर्षांत पाहुणा इतका रुळला, की आता हिमाचलाच्या पर्यटनाची जाहिरात त्याच्याशिवाय होत नाही. इथला मूळचा जो मासा, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात, तो नावापुरताच ट्राउट. कुळानं तो आपल्या रोहू-कटल्यांचा भाऊबंद. घरच्याला पाहुण्याचं नाव देऊन ओळखायचं, हे मला जरा खटकलं. भाईजींना विचारलं, की या विलायती माशानं इथल्या माशांचं नुकसान केलं असेल ना? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किया होगा. अब तो दोनों यहीं के हैं."

तिसरा दिवस

सकाळी सात वाजता नदीवर. हवेत बोटं बधिर करणारा गारठा. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तळाला जाड नमदा लावलेले बूट, हातात आधाराची काठी. तीर्थनचे गोटे बटाट्यासारखे गोल आणि वर शेवाळ. मी पहिल्या दहा पावलांत दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा रबरी विजारीत पाणी गेलं आणि दिवसभर डाव्या पायात छोटी तीर्थन वाहत राहिली.

भाईजींनी पाण्याकडे बोट करून विचारलं, "मछली कहाँ है?" मी खाडीचा माणूस. म्हटलं, खोल पाण्यात. डोहाकडे बोट दाखवलं. ते नाही म्हणाले. मग वेगवान पाण्यात? नाही.

त्यांनी समजावलं ते असं. ट्राउट नेहमी वरच्या अंगाला तोंड करून राहतो, कारण अन्न वरून वाहत येतं. (आमच्या खाडीत भरती-ओहोटीला पाणी दोन्हीकडून येतं, मासाही तोंड फिरवतो, हा नियम मला नवीन होता.) वाहत्या पाण्यात सतत पोहत राहिला तर खाल्लेलं सगळं पोहण्यातच खर्च होईल. म्हणून तो एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात उभा राहतो, पण अशा जागी की वितीवरून वेगवान धार जात असेल. पंगतीत बसायचं आणि वाढप्याची वाट बघायची. वाढपी जवळून गेला की पान पुढे करायचं, पुन्हा मागे यायचं. त्यामुळे पाण्यावर जिथे वेगवान आणि संथ यांची शिवण दिसते, फेसाची रेघ दिसते, तिथे माशी सोडायची. आणि मासा वरच्या अंगाला बघत असल्यानं आपण खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं.

ऐकायला सोपं होतं.

पहिली तासाभराची कमाई: दोन माश्या झाडाच्या फांद्यांना, एक माझ्या टोपीला, एक भाईजींच्या बाहीला. शेतात मागे झाड नव्हतं, हे शेतात असताना लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे उलगडायचा प्रकार शिकवला. तो बरा जमला.

माशी शिवणीवर पडायला लागली तर नवीनच भानगड. माझ्या आणि माशीच्या मध्ये जी वेगवान धार आहे ती दोरीला पोटात ओढते, दोरीची ढेरी खाली वाहते आणि टोकाची माशी मोटरबोटीसारखी पाण्यावर रेघ मारत पळते. कुठलाही कीटक असा पळत नाही. एवढं त्या माशालाही कळतं. उपाय असा, की दोरी पडली की लगेच काठीच्या टोकानं तिची ढेरी उचलून वरच्या अंगाला टाकायची. मग माशी दोन-तीन सेकंद मोकळी वाहते, तिला कोणी बांधलेलंच नाही असं वाटतं. सगळा खेळ त्या दोन-तीन सेकंदांसाठी.

दुपारी चारच्या सुमाराला एका दगडामागे माशी अशी मोकळी वाहत होती. मी काठावर वाळणाऱ्या माझ्या मोज्याकडे बघत होतो. तेवढ्यात हाताला काहीतरी लागलं. त्या क्षणी माझ्यातले आजोबा जागे झाले. मी काठी डोक्यावरून मागे हिसकली, मासा मागच्या गवतात पडायला हवा अशी. धागा तट्कन तुटला. पाण्यात एक पिवळट अंग वळलेलं दिसलं आणि गेलं.

भाईजी रागावले नाहीत. त्यांनी तो धागा माझ्या बोटांत धरला आणि सांगितलं, हा एवढा बारीक आहे की मासा नाही, तुमचा हात तो तोडतो. इथे हिसका द्यायचा नाही, काठी नुसती उचलायची. आणि दुसरं, जे मला जास्त लागलं: हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. हे बघून करायचं काम आहे.

रात्री सिड्डू होते. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवलेले, वरून साजूक तूप. आमच्या मोदकांचे थोराड चुलतभाऊ. मी चार खाल्ले आणि तरीही मला तो तुटलेला धागा दिसत होता.

चौथा दिवस

सकाळी भाईजींनी काठी हातात दिलीच नाही. पाण्यातले दगड उलटायला लावले. उलटलेल्या दगडाच्या ओल्या पाठीवर एक वेगळंच गाव असतं. चपट्या, शेपटीचे केस असलेल्या अळ्या दगडाला चिकटून सरकत होत्या, त्या मेफ्लायच्या. आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या नळ्या. एक नळी हातावर घेतली, मिनिटभरानं तिच्यातून काळं डोकं बाहेर आलं. ही कॅडिसची अळी. स्वतःच्या लाळेच्या रेशमानं वाळू जोडून घर बांधते आणि अंगावर घेऊन फिरते. वाढ झाली की ती पाण्यातून वर येते, पंख फुटतात, संध्याकाळी काठच्या झुडपांभोवती तपकिरी पाकोळ्यांचा घोळका उडतो. नदीतला हा कारखाना चालू आहे म्हणून ट्राउट आहेत. भाईजींच्या डबीतली प्रत्येक खोटी माशी यातल्याच कोणाची तरी नक्कल.

बायकोला त्यातून वेगळाच आनंद झाला. सकाळपासून ती एका ब्राउन डिपरच्या मागे होती. काळपट तपकिरी, गुटगुटीत पक्षी. दगडावर बसून उठाबशा काढतो आणि सरळ पाण्याखाली चालत जातो. तळाशी नेमकं काय खातो ते तिला बघायचं होतं. आता तिच्या तळहातावर वाळूची नळी होती. "म्हणजे हा आणि तुझा मासा एकाच खानावळीत जेवतात," ती म्हणाली. "मग जिथे हा बुडतो तिथे तू का टाकत नाहीस?"

भाईजींनी तिच्याकडे वळून बघितलं. तीन दिवसांत त्यांनी माझ्याकडे असं एकदाही बघितलं नव्हतं.

दुपार फुकट गेली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही. ऊन थेट पाण्यावर होतं. आम्ही उद्यानाच्या दिशेनं थोडं चालून आलो. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तीर्थन त्यातूनच उगम पावून खाली येते. आत गरी-बिरी काही चालत नाही, आणि ते बरंच आहे.

पाच वाजता ऊन डोंगराच्या खांद्यावर गेलं आणि नदी सावलीत आली. डिपर सकाळी जिथे होता त्याच्या थोडं खाली एक म्हशीएवढा दगड, दगडाच्या खालच्या अंगाला संथ पाणी, पलीकडून धार. पाकोळ्या उडायला लागल्या होत्या. भाईजींनी एल्क हरणाच्या केसांची तपकिरी माशी बांधली, तुरीच्या दाण्यापेक्षा लहान, पाण्यावर तरंगणारी. मी मांडीभर पाण्यात. मला समोर फक्त चमकणारं, हलणारं, काळंपांढरं पाणी दिसत होतं.

बायको काठावर, दुर्बीण डोळ्यांना. डिपर नव्हता, म्हणून ती पाणीच बघत होती.

"तो बघ. परत," ती हळूच म्हणाली.

"कुठे?"

"दगडाच्या उजव्या कडेपासून हातभर खाली. फेसाची रेघ आहे ना, तिच्या अलीकडे. आता नाही. थांब... तो बघ."

मला दिसलं. उडी नाही, खळखळ नाही. पाण्यावर एक बारीकसं वर्तुळ उमटलं आणि लगेच धारेत पुसलं गेलं, पावसाचा एकच थेंब पडावा तसं. इतके दिवस अशी शेकडो वर्तुळं माझ्या समोर उमटून गेली असतील. मी तेव्हा दोरीकडे, मनगटाकडे, फांद्यांकडे बघत होतो.

पहिली फेक आखूड पडली. दुसरी बरोबर पडली, पण धारेनं ओढली आणि मोटरबोट झाली. भाईजींनी हात वर करून थांबवलं. पाणी निवू दिलं. मिनिटभर कोणी बोललं नाही. पुन्हा वर्तुळ उमटलं. अजून तिथेच आहे.

तिसऱ्या वेळी मी मागे बघितलं. दोरी सरळ झाली, थांबली, आणि मी काठी पुढे आणली. माशी दगडाच्या कडेला पडली, मी ढेरी उचलून वर टाकली आणि माशी मोकळी वाहायला लागली. एक. दोन. एक तपकिरी नाक पाण्याबाहेर आलं, घाई न करता, आणि माशी नव्हती.

हाताला काहीच कळलं नव्हतं. अजिबात काही नाही. पण मी बघितलं होतं. "उठाओ," भाईजी म्हणाले, आणि मी काठी नुसती उचलली.

त्यानंतर जे झालं त्याचा क्रम मला नीट आठवत नाही. काठी वाकली, टोक धडधडायला लागलं. मासा धारेत शिरला आणि खाली धावला, माझ्या डाव्या हातातली दोरी बोटांतून सरसरत गेली. "जाने दो, जाने दो!" मी जाऊ दिली. तो थांबला की मी ओढायचो, तो धावला की सोडायचो. आजोबा असते तर हा लाडीगोडीचा प्रकार बघून उठून गेले असते. मग तो दमला, एका कुशीवर वळला आणि भाईजींनी जाळी खाली घातली.

"हात गीले करो," त्यांनी आधी सांगितलं. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्या जागी रोग धरतो. मी हात पाण्यात बुडवले आणि त्याला धरला. वितीपेक्षा दोन बोटं मोठा. पाठ शेवाळी, कुशी लोण्याच्या रंगाची, त्यावर काळे ठिपके, आणि मधून मधून लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. कोणी निवांत बसून एकेक रंगवला असावा असा. दुकानातल्या बर्फावर हे कडं दिसत नाही. खवले इतके बारीक, की खवले आहेत असं वाटतच नाही.

ठेवायला परवानगी होती. किती आणि केवढे ठेवायचे याचे नियम आहेत, हा नियमात बसतो का हे भाईजी बघणारही होते. पण विणीचे दिवस तोंडावर होते, आणि खरं सांगायचं तर तळलेला ट्राउट मी खाल्ला होता. आकड्याचा माशाला अडकवणारा उलटा काटा आधीच चेपून टाकलेला असतो; आकडा बोटानं हलवला तसा सुटला. मासा दोन्ही हातांत पाण्याखाली धरला, तोंड वरच्या अंगाला. कल्ले उघडत-मिटत होते. हात सैल केले तरी तो गेला नाही. दोन-तीन श्वास तसाच माझ्या हातावर टेकून राहिला. मग शेपटी एकदा हलली.

बायकोकडे बघितलं तर तिनं फोटो काढलाच नव्हता. दुर्बीण अजून डोळ्यांना. "त्याच दगडामागे गेलाय," ती म्हणाली. "दिसतोय मला."

रात्री आईला फोन लावला.

"गावलो मासो?"

"गावलो."

"केवढो?"

"वीतभर. जरा जास्तच."

"मगे? कालवण केलंस, की तळलंस?"

"सोडून दिलंय."

पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं रेंज गेली.

"सोडलंस? मगे इतक्या लांब गेलंस कशाक? आपल्या व्हाळात मासे नव्हते सोडूक?"

पाचवा दिवस

सकाळी तासभर एकटाच नदीवर गेलो. काही लागलं नाही. दोन वर्तुळं मात्र स्वतःची स्वतः शोधली, आणि दोन्ही ठिकाणचे मासे माझी पहिलीच फेक बघून पसार झाले.

भाईजी निरोपाला पाळण्यापर्यंत आले. पैसे घरमालकांकडे दिले होते, त्यामुळे हातात देण्यासारखं काही नव्हतं. बायकोनं तिच्याकडची जुनी छोटी दुर्बीण त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, नदीकडे लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. मला त्यांनी ती तपकिरी माशी दिली, आदल्या संध्याकाळचीच. केस जरा विस्कटलेले. ती मी टोपीला लावली.

टॅक्सी लारजीकडे उतरू लागली. आम्ही दोघं एकाच खिडकीतून पाणी बघत होतो. ती म्हणायची, त्या दगडामागे एक असेल. मी म्हणायचो, नाही, तिथे धार लांब आहे, अलीकडच्या शिवणीवर. असं करत करत लारजी आली. पाण्याच्या मध्यावर एक मोठा दगड, भोवती संथ, मला वाटलं पलीकडून फेसाची रेघही जातेय. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबवता का, तिथे नक्की मासा असणार.

त्यानं गाडी हळू केली, खिडकीतून वाकून बघितलं आणि पुन्हा वेग घेतला.

"वो बाँध का पानी है जी," तो म्हणाला. "वहाँ तो गाद है."